खेळाआधीचे खेळाडू

गूगलच्या प्ले स्टोअरवर नवख्या माणसाला स्वतःच्या नावानं गेम टाकायचा असेल, तर २५ डॉलरचं नोंदणी शुल्क भरून काम भागत नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गूगलनं एक अट घातली आहे. गेम सगळ्यांसाठी खुला होण्याआधी काही जणांनी चाचणीसाठी नाव नोंदवायचं आणि सलग १४ दिवस त्या चाचणीत राहायचं. सुरुवातीला अशी २० माणसं लागत. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आली.

बारा माणसं म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. छत्रपती संभाजीनगरात सिडको-हडकोच्या कुठल्याही गल्लीत तेवढी एका हाकेला गोळा होतात. पण समजा, इथल्याच एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलानं रात्री जागून स्वतःचा गेम तयार केला आहे. पहिली नावं घरातली. मग खोलीवरचे दोघं, जालन्याचा मावसभाऊ, कॉलेजातले तिघं. सगळे हौसेनं गेम उतरवून घेतात, एकदा उघडतात, ‘भारी झालाय राव’ म्हणतात आणि पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाहीत. तरी संख्या भरली नाही, की तो अदलाबदलीच्या ग्रुपात शिरतो. तू माझा गेम फोनवर ठेव, मी तुझा ठेवतो. पैसे घेऊन अशी माणसं पुरवणारेही आहेत. अट कागदोपत्री पुरी होते, गेम प्रसिद्ध होतो आणि पहिल्या आठवड्यानंतर तो कुणीही खेळत नाही. कुठल्या पायरीवर खेळणाऱ्याला कंटाळा आला, कुठलं बटण सापडलं नाही, कुठल्या फोनवर गेम हँग झाला, यातलं काहीही त्या मुलाला शेवटपर्यंत कळत नाही, कारण त्याच्या बारा जणांत खेळाडू एकही नव्हता.

गेम बाजारात येण्याआधी त्याचे खेळाडू जमवायचे, हे आता या धंद्यातलं निम्मं काम झालं आहे. त्याबद्दल बोलताना सगळे आकड्यांत बोलतात: इतक्या लाखांची आगाऊ नोंदणी, इतक्या हजारांची विशलिस्ट. माझं म्हणणं असं, की या आकड्यांनी आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या गेम बनवणाऱ्यांना फसवलं आहे. अर्धवट, मोडका, अडखळणारा गेम ज्यांनी खेळला आणि ज्यांच्या बोलण्यानं तो बदलला, ती शे-दोनशे माणसं म्हणजे त्या गेमचे खरे खेळाडू. ती आधी लागतात. लाखांची गोष्ट नंतरची. हे महाराष्ट्रात कुणी कसं केलं आणि कुठे अडलं, ते पाहायला संभाजीनगरातून फार लांब जावं लागत नाही. पुण्यापर्यंत गेलं तरी पुरे.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओची सुरुवात २०१७ ची. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड हे तिघे संस्थापक. ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा त्यांचा गेम. भावाला सोडवायला निघालेली एक मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वाड्यांसारखे महाल, पहाडी चित्रांचे रंग. तोवर भारतात संगणकावर आणि कन्सोलवर खेळायचा इतक्या आवाक्याचा गेम क्वचितच कुणी हाती घेतला होता. पैसे उभे करायला टीमनं २०१७ च्या अखेरीस किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मोहीम उघडली. सोबत लोकांना खेळून पाहायला डेमो दिला. चित्रं पाहून लोक हरखले, परदेशी नियतकालिकांनी दखल घेतली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. किकस्टार्टरचा नियम सरळ आहे: लक्ष्य गाठलं नाही, तर एक पैसाही मिळत नाही.

यात टीमचं कौशल्य कुठेच कमी पडलं नव्हतं. पण किकस्टार्टरवर पैसे टाकणारा माणूस मोहीम उघडायच्या आधीच तुमचा झालेला असावा लागतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत ओळखीच्यांची रक्कम पडली, की ती पाहून अनोळखी माणसं येतात. भारतातल्या खेळाडूला तर त्या काळी परदेशी संकेतस्थळावर कार्ड चालवणंसुद्धा सोपं नव्हतं. ज्यांना ही कथा सर्वांत जवळची वाटली असती, त्यांच्याकडे पैसे पाठवायचं साधन नव्हतं. ज्यांच्याकडे साधन होतं, त्यांना राजी कोण हे अजून माहीत नव्हतं.

पुढची तीन वर्षं संस्थापकांनी स्वतःची मालमत्ता पणाला लावून काढली. एपिक कंपनीच्या अनरिअल इंजिनसाठी असलेलं अनुदान मिळालं, सुपर डॉट कॉम हा प्रकाशक मिळाला. देशोदेशीच्या प्रदर्शनांत गेम मांडला गेला आणि उभ्यानं खेळून पाहणारे अनोळखी खेळाडू टीमला डोळ्यांसमोर दिसू लागले. १८ ऑगस्ट २०२० ला निन्टेंडोच्या इंडी वर्ल्ड कार्यक्रमात गेमच्या प्रकाशनाची घोषणा झाली आणि त्याच दिवशी तो स्विचवर विक्रीला आला. १५ ऑक्टोबरला संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या उत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन होतं. पुढे सुधारित आवृत्तीत हिंदी संवादही आले. मला वाटतं, हिंदी संवाद पहिल्या डेमोत असते, तर निदान आपल्या देशातल्या खेळाडूंनी राजीला पहिल्याच वर्षी घरातली मानलं असतं. भाषा शेवटी घालायची सजावट समजली जाते. खेळाडू जमवायचे असतील, तर ती पहिल्या दिवशी लागते.

दुसरी गोष्टही पुण्याचीच. सुपरगेमिंग या कंपनीनं ‘मास्कगन’ नावाचा गोळीबाराचा मोबाइल गेम आधी चालवला होता. असे गेम खेळणारा नेमका काय मागतो, याचा कंपनीला अनुभव होता. २०२२ मध्ये तिनं ‘इंडस’ जाहीर केला. एका बेटावर अनेक जण उतरतात आणि शेवटी एक उरतो, त्या बॅटल रॉयल पद्धतीचा हा गेम. त्याचं जग भविष्यातल्या भारताचं, म्हणजे सिंधू संस्कृती लयाला न जाता अंतराळापर्यंत पोहोचली असती तर कशी दिसली असती, तसं. नकाशाचं नाव विरलोक. शेवटचा माणूस म्हणून उरण्याखेरीज कॉस्मियम नावाची वस्तू ताब्यात घेऊन जिंकण्याची वेगळी वाटही होती.

कंपनीनं पहिल्यापासून खेळाडूंना आत घेतलं. अपुरा गेम दाखवला, काय चाललं आहे ते वेळोवेळी सांगितलं, डिस्कॉर्डवर बोलणं चालू ठेवलं, खेळाडूंना बोलावून समोर बसवून चाचण्या घेतल्या. जानेवारी २०२३ मध्ये अँड्रॉइडवर आगाऊ नोंदणी उघडली. वर्षभरानंतर तो आकडा एक कोटीच्या पुढे गेला. भारतात घडलेल्या नव्या गेमसाठी ही संख्या अफाट होती. प्रत्यक्ष गेम आला १६ ऑक्टोबर २०२४ ला.

नोंदणी आणि खेळ यांच्यामध्ये पावणेदोन वर्षं गेली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा धडा त्याच काळात आहे. इंडसची नोंदणी उघडली तेव्हा मैदान बरंचसं रिकामं होतं. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली होती. त्याच्या जागी २ जुलै २०२१ ला आलेला बीजीएमआय २८ जुलै २०२२ ला दुकानांतून काढला गेला. फ्री फायर त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता. कोट्यवधी पोरं फोन हातात घेऊन बसली होती, रोजचा स्क्वाड तयार होता, फक्त उतरायला त्यांचं बेट नव्हतं. अशा वेळी ‘आपला गेम येतोय’ म्हटल्यावर सगळ्यांनी नोंदणीचं बटण दाबलं. मे २०२३ मध्ये बीजीएमआय परतला आणि ती पोरं आपल्या जुन्या बेटावर गेली. तिथे त्यांचे जमवलेले पोशाख होते, बंदुका होत्या, मित्र होते. नोंदणी करताना त्यांनी कुणाला शब्द दिलेला नव्हता. एक बोट टेकवलं होतं. जे सुरुवातीपासून चाचण्यांना येत होते, चुका दाखवत होते, त्यांचं नातं वेगळं होतं. पण एक कोटीच्या आकड्यात या दोन गटांना वेगळं काढायची सोयच नसते.

खेळाडू लवकर जमवावेत हे खरं. मात्र जमवल्यावर त्यांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. वाट पाहायला लावली, की उत्सुकता आधी चेष्टेत आणि मग विसरण्यात जाते. अपुरा का होईना, एक नकाशा, एक बंदूक, एक तासाचा खेळ दर पंधरा दिवसांनी मिळत राहिला, तर माणूस टिकतो.

फौजीचं प्रकरण याहून स्पष्ट आहे. बंगळुरूच्या एनकोअर गेम्सनं ‘फौ-जी’ची घोषणा पबजीवरच्या बंदीनंतर दोनच दिवसांनी, ४ सप्टेंबर २०२० ला केली. ३० नोव्हेंबरला नोंदणी उघडली आणि चोवीस तासांत दहा लाखांवर गेली. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला. लोकांना वाटलं होतं पबजीसारखं मैदान मिळेल. मिळाली गलवानच्या पार्श्वभूमीवरची हाणामारीची एकट्यानं खेळायची मोहीम. स्टोअरवरचे तारे काही दिवसांत घसरले. गेम वाईट होता की बरा, हा प्रश्न दुय्यम ठरला. गर्दी एका अपेक्षेनं आली होती आणि तिच्या हाती भलतंच काही पडलं होतं. त्या चार-पाच महिन्यांत दोनशे खेळाडूंना बोलावून अपुरा गेम हातात दिला असता, तरी पहिल्याच संध्याकाळी हे समजलं असतं.

याची दुसरी बाजू बीजीएमआयनं दाखवली. १८ मे २०२१ ला नोंदणी उघडली आणि दोन आठवड्यांत दोन कोटी झाली. त्यांना खेळाडू जमवावे लागलेच नाहीत. बेघर झालेली वस्ती परत घरी आली. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीच्या ‘लुडो किंग’चंही तसंच. तो २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. लुडोचे खेळाडू त्याआधी कितीतरी पिढ्यांपासून तयार होते. आजीपासून नातवापर्यंत कुणालाही नियम शिकवावे लागले नाहीत. नव्या गेमवाल्याला हे भाग्य नसतं. त्याला वस्ती वसवावी लागते.

वसवायची म्हणजे काय करायचं, हे सांगणारी एक जुनी हकिकत आहे. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीनं ‘हाफ-लाइफ’ हा गेम नोव्हेंबर १९९८ मध्ये आणला. तो घडत असताना ते बाहेरच्या खेळाडूला बोलावून खेळायला बसवत आणि गेम बनवणारे मागे वही घेऊन बसत. नियम एकच: खेळणारा कितीही अडला, तरी बोलायचं नाही. दार समोर आहे आणि खेळाडूला ते दिसत नाही. ज्यानं दार बनवलं, तो दात-ओठ खात गप्प. दोन तासांच्या अशा एका बैठकीतून शंभरेक दुरुस्त्या निघत, असं त्यांच्याच एका अभियंत्यानं लिहून ठेवलं आहे. यात पैशांचं काम नाही. एक खोली, एक संगणक किंवा फोन, एक अनोळखी माणूस आणि तोंड बंद ठेवायची ताकद एवढंच लागतं. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड असते. आपल्याकडे पोरं मित्राच्या हातात गेम देतात आणि लगेच सांगू लागतात, ‘हां, आता तिकडं जा, ते उचल, आता उडी मार.’ मग तो गेम मित्र खेळतच नाही, बनवणाराच मित्राच्या बोटांनी खेळतो.

बेल्जियममधल्या घेंटच्या लॅरियन स्टुडिओनं हेच काम मोठ्या मापावर केलं. ‘बॉल्डर्स गेट ३’चा फक्त पहिला अंक त्यांनी ६ ऑक्टोबर २०२० ला पूर्ण किमतीत विकायला ठेवला, आणि हा गेम अपुरा आहे हे उघड सांगून ठेवला. पूर्ण गेम ३ ऑगस्ट २०२३ ला आला. मधल्या जवळपास तीन वर्षांत लाखो लोक तो एकच अंक पुन्हा पुन्हा खेळले. विल नावाचं एक पात्र त्यांना पसंत पडलं नाही, तर स्टुडिओनं त्याची कथा नव्यानं लिहिली आणि आवाज देणारा नटही बदलला. खेळाडूला याहून मोठा मान कुठला द्यायचा? आपण बोललो आणि एक माणूस बदलला, हे ज्यानं पाहिलं, तो गेम आला त्या दिवशी आणखी चार जणांना ओढून आणतो. त्याला जाहिरात म्हणायची गरज पडत नाही.

उलट टोकाला सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’. २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद झाला आणि लोकांचे पैसे परत करावे लागले. जुलैमधल्या खुल्या चाचणीतच स्टीम या संगणकावरच्या गेमच्या दुकानात एका वेळी अडीच हजारसुद्धा खेळाडू नव्हते. वस्ती नाही हे महिनाभर आधी दिसत होतं, तरी दुकान उघडलं. आणि तरीही या सगळ्याचं सूत्र होत नाही. ‘अमंग अस’ २०१८ मध्ये आला, दोन वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हता आणि २०२० मध्ये जगभर पसरला. त्याच्या बनवणाऱ्यांनी जे थोडे खेळाडू होते त्यांच्यासाठी काम चालू ठेवलं होतं, एवढं मात्र खरं.

वेरूळच्या रामेश्वर लेण्यात, म्हणजे २१ क्रमांकाच्या लेण्यात, आणि २९ क्रमांकाच्या धुमार लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळत बसल्याची शिल्पं आहेत. खेळणारे दोघंच. बाकी भोवती दासी, सेवक, पाहणारे. आणि खाली गण नंदीची छेड काढत धमाल करताहेत. आमच्या जिल्ह्यात खेळ आणि त्याचे प्रेक्षक इतके जुने आहेत. म्हणून यूट्यूबवर दुसऱ्याचा खेळ तासन् तास पाहणाऱ्या पोरांना मी नावं ठेवत नाही. खेळणाऱ्यांइतकेच पाहणारेही त्या खेळाचे असतात. नव्या गेमवाल्यानं मोठ्या स्ट्रीमरच्या दारात रांग लावण्यापेक्षा ज्याला पन्नास-साठ जण पाहतात, पण जो त्यातल्या प्रत्येकाला नावानं ओळखतो, अशा स्थानिक स्ट्रीमरला गेम आधी द्यावा. तो मराठीत बोलतो, त्याचे प्रेक्षक त्याला तोंडावर सांगतात, आणि त्याचा अख्खा तासाभराचा खेळ तुम्हाला चाचणी म्हणून फुकट पाहायला मिळतो.

या शहराला प्रेक्षक घडवायची विद्या नवी नाही. १९८० च्या दशकात चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांच्या मित्रांनी इथे ‘जिगीषा’ उभी केली. स्पर्धा, प्रायोगिक नाटकं, तालमींभोवती जमणारी मंडळी, प्रयोगानंतरच्या चर्चा यांतून त्यांचं नाटक आणि त्यांचा प्रेक्षक बरोबरीनं वाढले. मुंबईत गेल्यावर १९९१ मध्ये ‘चारचौघी’ आलं, तेव्हा त्या यशामागे तेव्हाच्या औरंगाबादेत घालवलेली ही वर्षं होती. गेम बनवणाऱ्यांना मी हेच सांगेन, की तालमीला माणसं येऊ द्या. नाटकवाल्यांच्या ही गोष्ट अंगवळणी पडलेली असते. संगणकावर काम करणाऱ्यांना ती लाजिरवाणी वाटते, कारण शाळा-कॉलेजात अपुरं काम दाखवलं की मार्क कापले जातात.

आता इथल्या जमिनीवरच्या काही गोष्टी.

पहिली फोनची. गेम बनवणाऱ्याकडे बरा लॅपटॉप आणि बऱ्यापैकी फोन असतो. त्याचा खेळाडू पैठण गेटला घेतलेला जुना फोन वापरतो, ज्यात जागा भरलेली, बॅटरी दमलेली आणि पडद्याला तडा. त्या फोनवर गेम पंधरा मिनिटांत तापतो. हे मोजायला यंत्र नको; वाळूजच्या कामगार वस्तीतल्या आयटीआयच्या पाच मुलांना गेम दिला, की एका संध्याकाळी कळतं. राजधान्यांत बसून गेम करणाऱ्यांपेक्षा संभाजीनगरातल्या टीमला हा एक फायदा आहे. देशातला बहुसंख्य खेळाडू जसा आहे, तसाच तिच्या दारात राहतो.

दुसरी गोष्ट भेटायच्या जागेची. जगभर गेमवाले डिस्कॉर्ड वापरतात, कारण तिथे चुका, सूचना आणि गप्पा वेगवेगळ्या खोल्यांत ठेवता येतात. आपल्याकडचा खेळाडू व्हॉट्सअॅपवर आहे. बीजीएमआयच्या कस्टम रूमचा आयडी आणि पासवर्डसुद्धा सामन्याआधी काही मिनिटं तिथेच किंवा टेलिग्रामवर पडतो. सुरुवात तिथूनच करावी. अडचण एवढीच, की शंभर माणसांच्या ग्रुपात शुभ सकाळच्या फुलांखाली कामाची तक्रार गाडली जाते. म्हणून रोज रात्री एकानं बसून तक्रारी वहीत उतरवायच्या: कुणाचा फोन, कुठली पायरी, काय झालं. आणि नवा बिल्ड, म्हणजे गेमची नवी आवृत्ती, टाकताना सांगायचं, की अमुकनं दाखवलेली चूक दुरुस्त केली. नाव घेऊन सांगायचं. त्या एका ओळीसाठी माणूस पुढचे तीन बिल्ड खेळतो. गेमच्या शेवटच्या श्रेयनामावलीत ही नावं आली पाहिजेत, याबद्दल माझा आग्रह आहे.

तिसरी गोष्ट मुलींची. हजारो मुली हे गेम खेळतात आणि त्यातल्या कितीतरी जणी माइक बंद ठेवून, मुलाच्या नावानं खेळतात, कारण आवाज ऐकू आला की घाण सुरू होते. वस्ती लहान असते, तेव्हाच हे रोखता येतं. पहिल्या पन्नास माणसांत शिवी देणाऱ्याला बाहेर काढलं, तर पुढच्या पाच हजारांना नियम सांगावा लागत नाही. पहिल्या पन्नासांत मुली नसतील, तर तो गेम अर्ध्या शहरासाठी झालाच नाही, असं समजावं.

चौथी लहान मुलांची आणि पैशांची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती लागते. तेव्हा शाळकरी पोरांचे फोन नंबर गोळा करून यादी फुगवायची नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. वीस-तीस रुपये प्रवेश फी आणि त्यातूनच बक्षीस, असे गल्लीबोळातले सामने भरवून गर्दी जमवण्याची सवय काहींना आहे. ती आता सोडावी. बक्षिसासाठी आलेला खेळाडू बक्षिसाबरोबर जातो, हे कायदा नसतानाही खरं होतं.

संगणकावरचा गेम असेल, तर स्टीमची वाट आहे. एका गेमला १०० डॉलर भरायचे, ‘लवकरच येत आहे’ असं पान गेम येण्याच्या किमान दोन आठवडे आधी लावायचं, लोक तो विशलिस्टमध्ये टाकतात. वर्षातून तीनदा नेक्स्ट फेस्ट हा स्टीमचा महोत्सव भरतो, त्यात डेमो मांडता येतो. एका गेमला एकदाच. हे सगळं करावंच. पण ज्यानं आधी वर्षभर वाळूज आणि गारखेड्यात डेमो मांडलाय, त्याच्याच डेमोला तिथे माणूस थांबेल.

सरकारी बाजूही हालते आहे. मे २०२५ मध्ये मुंबईत ‘वेव्हज’ परिषद झाली. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळानं अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेमिंगच्या क्षेत्रासाठी २०५० पर्यंतचं ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलं. संभाजीनगरात सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनेनं उभं केलेलं ‘मॅजिक’ हे उद्योगांचं पाळणाघर आहे, एमजीएम विद्यापीठ आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. या धोरणातला पैसा इमारती आणि यंत्रांवर खर्च होईल, तसा तो होतोच. मला त्यातला एक छोटा वाटा खेळाडू आणि गेमवाले यांच्या भेटीसाठी हवा आहे. महिन्यातून एका शनिवारी एक हॉल, वीस खुर्च्या, चार्जिंगचे बोर्ड आणि चहा. जिल्ह्यातल्या कुणीही आपला अपुरा गेम घेऊन यावं आणि कुणीही येऊन तो खेळावा. इतक्या कमी खर्चात याहून जास्त उपयोगाचं काम मला दिसत नाही.

आणि एक मागणी थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. दरवर्षी विद्यापीठाचा युवक महोत्सव भरतो. एकांकिका असते, लोकनृत्य असतं, पोवाडा असतो, रांगोळीपासून व्यंगचित्रापर्यंत स्पर्धा असतात, आणि चारही जिल्ह्यांतली हजारो मुलं-मुली चार दिवस एका ठिकाणी असतात. त्या मैदानात विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गेमसाठी एक मंडप द्या. स्पर्धा नको, परीक्षक नको, पहिलं-दुसरं बक्षीस नको. टेबलं मांडा, फोन आणि लॅपटॉप ठेवा, शेजारी कोरी वही ठेवा आणि धाराशिवहून, बीडहून, जालन्याहून आलेल्या पोरापोरींना खेळू द्या. पुढच्या महोत्सवापासून सुरुवात करता येईल.